कॅन्यूट काकांचा दगड

आमच्या कॅरिबियनमधल्या कारियाकू बेटावर पाहुणे उतरले की मी त्यांना माझ्या गाडीतून ठरलेल्या वाटेने फिरवते. आधी पॅराडाईज बीच, मग टेकडीवरच्या जुन्या फ्रेंच तोफा, मग बेलेअरची मोडकी पवनचक्की, आणि सगळ्यात शेवटी समुद्राने खाल्लेल्या कबरी. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या त्या कबरी पाहून लोक हळहळतात आणि लगेच फोटो काढतात. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पोट आहे, चालायचंच. पण यंदा तिथल्या एका कबरीवरून आमच्याच घरात ठिणगी पडली.

ती कबर कॅन्यूट काकांची, माझ्या एनेझ मावशीच्या नवऱ्याची. काका होड्या बांधायचे. आमच्यात माणूस गेला की लगेच दगड बसवत नाहीत. दगड घडवून घरात आणून ठेवतात, आणि सगळं गोत जमवून मोठं जेवण घालता येईल तेव्हाच तो कबरीवर चढतो. तोवर माणसाला पुरता निरोप दिला असं कोणी मानत नाही. काकांचा दगड कित्येक वर्षं मावशीच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. ती त्याच्यावर धुतलेली चादर घालायची, सकाळी उठून त्याला गावच्या खबरी सांगायची.

"मावशी, दगडाला नजर लागेल हं," मी एकदा म्हटलं.

"तुझीच लागेल, फिल्मा. दुसऱ्या कोणाची एवढी वाईट नाही."

तिचा एकुलता एक मुलगा ॲल्बन ब्रुकलिनला असतो. ईस्टरला आला तो बेत ठरवूनच. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाला, "आई, जेवण या रविवारी उरकू. आणि दगड खाली नाही बसवायचा. टेकडीवर नवी दफनभूमी झालीय, तिथे. बाबांची हाडंही वर नेऊ. पुढच्या वादळात खाली काही शिल्लक राहायचं नाही."

"ह्यांच्या शेजारची जागा माझी आहे," मावशी म्हणाली.

"शेजारी मासे असतील, आई!"

"असू देत. ह्यांचा जन्म माशांतच गेला."

दोघंही एकाच मातीचे, हटेनात. गुरुवारी दिवसभर एकमेकांशी बोलले ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, जेवण झाकून ठेवलंय." "तिला सांग, मला भूक नाही." मी काय टपाल खात्यात आहे?

शुक्रवारी सकाळी कोकोचा चहा घेताना ॲल्बन खाली मान घालून म्हणाला, "रात्री बाबा स्वप्नात आले होते."

मावशीने कप खाली ठेवला. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं स्वप्न म्हणजे हुकूम. तो मोडायची कोणाची छाती नाही.

"काय म्हणाले?"

"पाय ओले होतात म्हणाले. मला वर न्या."

"बरं. आणि खायला काय मागितलं?" गेलेली माणसं स्वप्नात येतात ती खायला मागायलाच, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच.

ॲल्बन क्षणभर गडबडला. "खारा मासा. तुझ्या हातचा, टोमॅटो घालून."

मी मावशीकडे पाहिलं, मावशीने खिडकीकडे. आमचे मेलेले मीठ खात नाहीत. मिठाने अंग जड होतं आणि समुद्रावरून आफ्रिकेला उडत जाता येत नाही, असं आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले आमचे पूर्वज सांगत आले. म्हणून त्यांच्या नावाचं ताट कायम आळणी. बेटावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. ब्रुकलिनमध्ये राहून हा गाढव विसरला होता.

मावशी नुसतं "बरं" म्हणाली आणि तिने मला गाडी काढायला सांगितली. कबरींपाशी पोचेपर्यंत माझा राग मावेना.

"धडधडीत खोटं बोलला गं! बापाच्या नावावर! मी घेते त्याला फैलावर."

"तू गप्प बस," मावशी म्हणाली. लाटेचा फेस काकांच्या कबरीच्या कडेला लागत होता. "हे स्वप्नात माझ्याकडे सारखे येतात. त्याच्याकडे एकदाही आले नाहीत. आधी फोनवर विचारायचा, आई, बाबा आले होते का, माझ्याबद्दल काही म्हणाले का. मग विचारणंच सोडलं. आपल्या बापाचं येणं ज्याला स्वतः रचावं लागतं, त्याला मी काय बोलू?"

माझा राग तिथेच विरला. उलट माझीच मला लाज वाटली.

"मग टेकडी कबूल?"

"खोट्यावर ह्यांचा दगड बसवायची नाही मी. खरं काय ते त्याच्या तोंडून यायला हवं."

जेवणाच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे दगड पलंगावर आडवा ठेवला, चादर पांघरली, रम शिंपडली. मावशीने ॲल्बनची उशी त्याच खोलीत टाकली. "बापाजवळ झोप. नीट विचारून घे," एवढंच म्हणाली.

सकाळी आम्ही अंगणात जेवणासाठी कुकूचे, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे वळत होतो. ॲल्बन दारात आला. डोळे सुजलेले.

"आले होते?" मावशीने हात न थांबवता विचारलं.

आता हा आणखी काय रचतोय, असं माझ्या मनात आलं.

"नाही, आई. परवाही नाही. कधीच नाही. मी खोटं बोललो." मग तो आईपुढे येऊन बसला. "रागावलेत का गं माझ्यावर? मी पुरायला पोचलो नाही म्हणून?"

"रागावले असते तर नक्की आले असते. रागवायची संधी ह्यांनी कधी सोडली नाही, मला विचार." मावशीने हात धुतले आणि त्याचा चेहरा ओल्या हातांत धरला. "हाडं राहू देत खाली. ह्यांना माझ्याकडची वाट माहीत आहे. दगड वर नेऊ. तू येशील तेव्हा तुला बसायला कोरडी जागा नको?"

"आणि तू? तुझी जागा?"

"मलाही वरच ठेव, त्या दगडापाशी. बापाशी बोलणं नाही जमलं तुला. आईशी तरी जमेल."

ॲल्बन तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला, आणि मी गोळे तसेच टाकून दगड वर न्यायला गाडी काढायला गेले.