डोक्यावर ठेवलेला हात

माळवस्तीवरच्या सुनांची नावं मतदार यादीत घालायला निकितानं हात लावला नसता, तर त्यांच्या लेकरांपर्यंत कुणी पोचलं नसतं. हे तिच्या मनातून पुढं कधी गेलं नाही.

तशी सुरुवात साधीच होती. संगमनेरच्या माहेराहून ती पाथर्डी तालुक्यातल्या खांडवाडीच्या या माळवस्तीवर नांदायला आली, ओम झाला, रांगायला लागला, तरी तिचं मत माहेरीच पडलेलं. बी.कॉम. झालेली बाई, आपलं नाव आपल्याला हलवता येऊ नये का, म्हणून एका दुपारी ओमला पाळण्यात टाकून तिनं मोबाईलवर पत्ता बदलायचा अर्ज भरला. रेशनकार्डाचा फोटो जोडला. काही दिवसांनी शाळेचे मास्तर, तेच या भागाची मतदार यादी सांभाळणारे बीएलओ, घरी येऊन चौकशी करून गेले आणि नाव आलं. ते कळल्यावर शेजारची भागूबाई आपल्या सुनेला घेऊन आली. तिच्यामागून दुसऱ्या आल्या. कुणाचं मत शेवगावकडं, कुणाचं बीड जिल्ह्यात, तर कुणाचं कुठंच नाही. अठरा उलटून कडेवर मूल आलं तरी नाव घालावं असं कुणाला वाटलं नव्हतं. निकिता एकेकीला चुन्याच्या भिंतीपुढं उभी करून फोटो काढायची, जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला शोधायला लावायची. सासरे भिमाजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या सूनबाईनं भावकीची मतं वाढवली. भावकीची म्हणजे काकासाहेबांची. काकासाहेब त्यांचे चुलतभाऊ, आणि ग्रामपंचायत कित्येक वर्षं त्यांच्याच बैठकीतून चाललेली.

ज्योतीचा अर्जही तेव्हाच भरला होता. ज्योती पलीकडच्या आळीची, नवरा अजिनाथ दर हंगामाला ऊसतोडीला जाणारा. निकिता मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असताना ज्योतीची चार वर्षांची स्वरा ओमच्या पाळण्याला झोका देत होती.

त्या पावसाळ्यात स्वरा गेली.

वस्तीच्या वर, माळाच्या टोकाला, ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचं तळं आहे. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. घसरून आत जायला वेळ लागत नाही आणि वर यायला कशाचा आधार नाही. ओल्या कागदावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. तळ्याचं काम काकासाहेबांच्या मुलानं, कल्याणनं घेतलं होतं. अंदाजपत्रकात भोवती तारेची जाळी धरलेली होती, तिचं बिल निघालं, आणि जागेवर नुसते चार लोखंडी खांब उभे राहिले. शेळीच्या पिल्लामागं पळत गेलेल्या स्वराला त्या खांबांनी काय अडवावं? पंचायतीनं सांगितलं, लेकराकडं आईबापानं लक्ष द्यायला पाहिजे होतं.

तेव्हापासून निकितानं ओमच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. आवाज थांबला की हातातलं काम टाकून ती दाराकडं धावायची. रविराजला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सुप्याच्या कंपनीत फोन करून विचारायची, तिकडं खोली बघतोस का. बघतो, म्हणायचा तो.

अशात वॉर्डातली सदस्य बाई अपात्र ठरली आणि पोटनिवडणूक लागली. जागा बायकांची. कल्याणची बायको मोनिका हिचा अर्ज गेला, तिला कपाट हे चिन्ह मिळालं. बिनविरोध होईल असं सगळे धरून चालले होते. तेवढ्यात ज्योतीनं अर्ज भरला. चिन्ह शिट्टी. ना गाडी, ना पत्रक. दारोदार जाऊन ती एवढंच सांगायची की मला सभेत बसून एक विचारायचंय, तळ्याची जाळी कुठं गेली.

लोक हसले. काकासाहेब मात्र हसले नाहीत. जुनी मतं त्यांना तोंडपाठ होती. कोण कुठं जाणार ते घरात बसून सांगायचे. पण हंगाम चालू झालेला, वस्तीवरचे तरणे गडी कोयते घेऊन कारखान्याला गेलेले, आणि मागं राहिलेल्या या नव्या सुना. त्यांच्या मनात काय आहे, हे काकासाहेबांना कळायला मार्ग नव्हता.

म्हणून ते शपथेचा बेलभंडारा घेऊन निघाले.

पितळी ताटात हळदीचा ढीग, त्यावर बेलाची पानं, मागं दोन-चार माणसं. घरातल्या म्हाताऱ्यानं भंडारा उचलायचा, कपाटाशिवाय दुसऱ्या कशाला बोट लागणार नाही असं म्हणायचं. बायकांना भंडारा नव्हता. ज्या घरात लेकरू असेल तिथं त्याच्या डोक्यावर हात ठेवून तेच शब्द बोलायचे. भिमाजींनी भंडारा उचलला. सासूबाईंनी, मालनबाईंनी, पदर सावरून ओमच्या टाळूवर हात ठेवला आणि तळव्याखालच्या लेकराकडं न बघता शब्द म्हणून टाकले. मग सगळे निकिताकडं बघायला लागले.

निकिता म्हणाली, मी मत देणारच आहे, लेकराला मध्ये कशाला घ्यायचं.

काकासाहेबांचा आवाज कधी चढत नसे. "सूनबाई, तू शिकलेली. तुझ्या लेखी शपथ म्हंजी चार शब्द. मग बोलायला अडतंय कुठं?"

मागची माणसं गालात हसली.  खरंच, निकिता मानत नसेल तर बोलायला काय हरकत होती? आणि बोलवत नसेल, तर मग ती मानत होती. मालनबाईंनी तिचं मनगट धरलं.

"ठिव हात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दाराशी मानसं हाईत."

ओमचं डोकं ऊन लागल्यासारखं कोमट होतं, लेकरांचं असतंच तसं. निकिता शब्द बोलली. ओम तिच्याकडं बघून हसला, त्याला वाटलं खेळ चाललाय. पुढच्या दारी भागूबाईची सून ओरडून रडली, ते सगळ्या आळीनं ऐकलं. मग तीही बोलली असावी, कारण ताट पुढं गेलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी ज्योती नळावर भेटली. निकितानं हंडा उचलून निघायची घाई केली, तर तिनं हंड्याच्या काठावर हात ठेवला.

"निकिता, तू मला देऊ नको."

निकितानं हंडा परत खाली टेकवला.

"ओमच्या डोक्यावर हात ठिवलास न्हवं? मग कपाटालाच दे. म्या पडंन, पडू दे. पन उद्या त्याला साधा खोकला जरी झाला, तर तू माझ्याकडं कशी बघशील, ते मला न्हाई सोसायचं."

ज्योतीचा हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. निकितानंच तोटी बंद केली. दोघी आपापल्या वाटेनं गेल्या.

ज्योतीनं मत मागितलं असतं तर कदाचित निकितानं कपाटाचं बटण दाबलं असतं आणि रात्री रडून मोकळी झाली असती. न मागून तिनं सगळी पंचाईत केली. एक बाई, जिचं लेकरू त्या तळ्यात गेलं, ती दुसरीच्या लेकराची काळजी करते, आणि आपण चार शब्दांना भ्यायचं? पण भीती अशी वाद घालून जात नाही. निकितानं ओमचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, तळवे चाचपले, छातीला कान लावला. मग तिला नोटा आठवलं. कुणालाच नाही. शपथ तरी कुठं मोडली, असं स्वतःला सांगू लागली, आणि लगेच काकासाहेबांचे शब्द आठवले. दुसऱ्या कशाला बोट लागणार नाही. म्हाताऱ्यानं कुठं फट म्हणून ठेवली नव्हती.

शाळेच्या खोलीत मतदान. दाराशी कल्याण बसलेला, येणाऱ्या प्रत्येक बाईला नावानं हाक मारून लेकराची चौकशी करणारा. कसा आहे ओम? दात येतायत का? निकितानं मान हलवली. ओमला ठेवायला कुणी नव्हतं, मालनबाई रांगेत तिच्या पुढं होत्या. त्या आत गेल्या, लगेच बाहेर आल्या, शाई लागलेलं बोट पदरात धरून चालायला लागल्या.

निकितानं ओळखपत्र दाखवलं, सही केली, डाव्या हाताच्या बोटाला शाई लावून घेतली आणि खोक्याच्या आडोशाला गेली. वर कपाट, त्याखाली शिट्टी, शेवटी नोटा. ओम कडेवर. त्याला बटणांकडं झेपावताना बघून तिनं त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. लेकरानं हे बघू नये असं तिला वाटलं, जसं काही न बघितलेलं लेकराला बाधत नाही. मग तिनं शिट्टीपुढचं बटण दाबलं. यंत्र लांबलचक वाजलं. ओम दचकून रडायला लागला, आणि निकिता त्याला थोपटत, कल्याणकडं न बघता, बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीला मोजणी झाली. मोनिका निवडून आली, पण काठावर. शिट्टीला घरची आणि नात्यातली, एवढीच मतं पडतील असा सगळ्यांचा हिशोब होता. पडली त्याच्या कितीतरी पट. गुलाल उधळला, पण ढोल वाजवणाऱ्यालाही जोर नव्हता. भिमाजी दुपारी भाकरीला घरी आले ते खाली मान घालून. समाजमंदिरापुढं काकासाहेब जे बोलले ते त्यांनी सांगितलं. लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून बायांनी मला फसवलं, त्यांचं देव बघेल. नळाचं मी बघतो. कोणत्या आळीच्या पाण्याची चावी बंद करायची तेवढं कळू द्या.

"आपल्या घरातलं तर न्हाई ना?" भिमाजींनी विचारलं.

"आपल्या घरात कोन हाय तसलं," मालनबाई म्हणाल्या आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली. भिमाजी जेवून परत गुलालात गेले.

चार वाजता ओमचं अंग तापलं.

निकितानं थर्मामीटर लावलं. शंभराच्या थोडं वर. हिरडी सुजलेली, लाळ गळत होती. दाढ येतेय, दुसरं काही नाही. तिनं औषध मोजून पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, आणि हे सगळं माहीत असूनही तिचे हात थांबेनात. तुझ्यामुळं, असं आतून कुणीतरी म्हणत राहिलं. ती त्याला घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती.

दिवेलागणीला पहिला वास आला.

जळत्या मिरच्यांचा. भागूबाईच्या घरातून. निकिता खिडकीशी थांबली. मीठ-मिरच्या लेकरावरून उतरून निखाऱ्यावर टाकल्यात, हे कुणालाही कळलं असतं. भागूबाईचा नातू तर सकाळी धडधाकट खेळत होता. थोड्या वेळानं मागच्या आळीतून वास आला. मग खालच्या अंगाला, जिथं दोघी जावा राहतात, तिथून. आणि निकिताला उमगलं. या त्याच. शिट्टीची मतं अशी घराघरातून धूर होऊन बाहेर पडत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शपथ मोडली होती आणि आता प्रत्येक आई आपलं लेकरू राखत होती.

तिला कळलं म्हणजे सगळ्यांना कळणार होतं. गल्लीच्या तोंडाशी कल्याणची माणसं मोटारसायकलींवर रेलून उभी होती.

मागच्या दारानं मालनबाई आत आल्या. हातात घमेलं, घमेल्यात बंबातले निखारे, ओच्यात मिरच्या. त्यांनी दार लावलं, कडी घातली, खिडकी ओढून घेतली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. निकिताला वाटलं, सासूला आपलं सगळं कळलंय. तिनं तोंड उघडलं, पण मालनबाईंनी तिच्याकडं बघितलंच नाही. मूठ ओमवरून फिरवायला लागल्या आणि नेहमीच्या शब्दांच्या शेवटी, अगदी पुटपुटत, म्हणाल्या,

"माझ्या बोटाचं माझ्या अंगावर येऊ दे. लेकराला नको."

पदराआडचं ते शाईचं बोट आता मुठीबाहेर राहिलं होतं. निकिता त्याच्याकडं बघत राहिली. तीन वर्षं एका घरात राहून तिला या बाईची एवढी गोष्ट माहीत नव्हती.

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका येत नाही, अशी जुनी समजूत. दोघी श्वास धरून थांबल्या. आणि ठसका उठला. असा उठला की डोळे उघडेनात. मालनबाईंचा चेहरा क्षणभर निवळला. लेकराला काही झालेलं नाही. पण बंद खोलीत धुराला जायला वाट नव्हती. ओम खोकला. पुन्हा खोकला, मग खोकल्यामागं खोकला, मग मध्येच आवाज बंद झाला आणि त्याचं तोंड नुसतं उघडं राहिलं.

निकिता दाराकडं धावली. मालनबाईंनी कडीवर हात ठेवला.

"जरा दम धर. मानसं जाऊ दे पुढं."

निकितानं तो हात बाजूला केला, कडी काढली, गोणपाट पायानं सरकवलं आणि दार सताड उघडलं.

धूर तिच्या डोक्यावरून गल्लीत गेला. मोटारसायकलीवरच्या एकानं गुलालानं माखलेल्या हातानं नाकाला उपरणं लावलं. त्यानं या दाराकडं बघितलं, मग भागूबाईच्या, मग खालच्या आळीकडं, आणि शेजारच्याला काहीतरी सांगून गाडीला किक मारली. गाडी काकासाहेबांच्या बैठकीच्या दिशेनं गेली.

निकितानं ओमला उभा छातीशी धरला, पाठीवर थापा मारत राहिली. त्यानं एकदाचा मोठ्यानं टाहो फोडला. तो रडायला लागला तरी ती उंबऱ्यातून हलली नाही.