दोन जहाजांमधली फळी

मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुम्हाला स्वयंपाकघरातली डबे ठेवायची फळी आठवेल. मी तशी नाही. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जाण्यासाठी टाकतात, ती मी.

मित्रांनो, माझ्या माणसांना जमीन नव्हती. त्यांचे जन्म, लग्ने, म्हातारपण सारे जहाजांवरच होई. जमिनीवरचे लोक त्यांना चाचे म्हणत, आणि ते खोटे नव्हते. व्यापाऱ्यांची गलबते लुटूनच त्यांची चूल पेटे. ते स्वतःला मात्र राष्ट्र म्हणवत. वारा पडला की सगळी जहाजे शेजारी शेजारी बांधत आणि मधे फळ्या टाकत. त्या राष्ट्राचे रस्ते म्हणजे आम्हीच.

मला थोरलीवरच्या सुतारणीने घडवले. थोरली हे सगळ्यांत मोठ्या जहाजाचे नाव. तिच्या पुढच्या भागात, शिडाच्या सावलीत सुतारणीची जागा होती. तिथे सरसाचे भांडे सतत कढत असे आणि भुशात मांजर झोपलेले असे. एका फुटक्या गलबताच्या तळातले सागवान काढून तिने मला रंधले, पाय घसरू नयेत म्हणून अंगावर आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि एका टोकाला दोन लोखंडी आकडे बसवले. काम झाल्यावर ती स्वतःच माझ्यावर दोनदा उड्या मारून म्हणाली, "माझा भार पेलला, म्हणजे हत्तीसुद्धा जाईल!" सुतारीण चांगलीच धिप्पाड होती.

माझ्यावरून पाण्याची पिंपे गेली, भांडलेल्या जावा गेल्या आणि समेट करून परत आल्या. तलवारी घेऊन धावणारी माणसेही गेली. आकडे परक्या गलबतात रुतले की समोरच्यांचे चेहरे मला अगदी जवळून दिसत. ते आठवले की आजही बरे वाटत नाही. फळीला कोणी विचारत नाही, पण तिला दिसते सगळे.

सुतारणीची एकुलती एक लेक धाकटी नावाच्या जहाजावर सून म्हणून गेली. जावई शिडे शिवायचा. लग्नात सगळे चिडवत होते, "सासर किती लांब? एक फळी!" लेक हसत माझ्यावरून पलीकडे गेली. मायलेकींच्या येण्याजाण्याने माझ्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या. पुढे लेकीला मुलगी झाली.

मग धाकटीवर ताप आला. तो साधा ताप नव्हता. माणूस सकाळी दोर ओढताना दिसे आणि तिसऱ्या प्रहरी त्याची शुद्ध हरपलेली असे. अशा वेळचा कायदा कडक होता. फळ्या ओढून घ्यायच्या, आजारी जहाजावर पिवळे फडके चढवायचे आणि त्याला लांब दोराने मागे बांधून न्यायचे. कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. पूर्वी एकदा तापाने अर्धे राष्ट्र गिळले होते.

नायकाने फळ्या ओढायला सांगितल्या. नायक म्हणजे सुतारणीचा धाकटा भाऊ. तेवढ्यात जावई पलीकडून ओरडला, "आई, हिला शुद्ध नाही! तान्हीला घ्यायलाही कुणी नाही!"

सुतारणीने लाकूड तासायचा वाकस कमरेला खोचला, पाण्याचे पिंप खांद्यावर घेतले आणि मला पुन्हा टाकले.

"ताई, मागे फिर," नायक म्हणाला. "पलीकडे गेलीस तर मला तुला परत घेता येणार नाही."

"नकोच घेऊ. तुझ्याकडे सगळ्यांची लेकरं आहेत, ती सांभाळ. माझं एकच आहे."

"मला असं कोड्यात टाकू नकोस गं."

"कोडं कसलं? तू कायदा पाळ, मी लेक बघते. तेवढं पाणी पाठवत जा."

ती गेली, आणि तिने जावयाच्या मदतीने मला धाकटीवर ओढून घेतले. मी त्यानंतर थोरलीवर परतले नाही.

नायक दोराला बांधून रोज पाणी पाठवी. सुतारीण आजाऱ्यांचे ओठ ओले करी, अंथरुणे उकळी, नातीला पाठीला बांधून फिरे. काही माणसे गेली. लेकीचा ताप मात्र हळूहळू उतरू लागला.

अशात मागून परक्या लढाऊ जहाजांची शिडे दिसली. लूट झालेल्या राजांनी ती आमच्यासाठीच पाठवली होती. थोरलीला धाकटीचे ओझे ओढत पळता येईना. तिच्यावरची जाणती माणसे नायकाभोवती जमली. कोणीतरी त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. बाकीच्यांना शिडांकडे पाठवून तो एकटाच दोरापाशी आला आणि तसाच उभा राहिला. कुऱ्हाड काही वर उचलली जाईना.

सुतारीण धाकटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर गेली. वारा मागून होता, त्यामुळे तिचे शब्द भावापर्यंत पोचत होते. "तू नको कापू!" ती ओरडली. "जन्मभर झोप लागायची नाही तुला. मी कापते. कुणी विचारलं तर ताईनं कापला म्हणून सांग!"

त्याचे ओठ हलताना दिसले. वाऱ्यामुळे त्याचे उत्तर आम्हाला ऐकू आले नाही. तिने वाकसाचे तीन घाव घातले. दोर तुटला, आणि थोरली पाहता पाहता लहान होत गेली.

लढाऊ जहाजे आमच्याजवळ आली, पिवळे फडके पाहून थबकली आणि लांबूनच वळसा घालून निघाली. त्या वळशात वेळ गेला आणि आमचे राष्ट्र निसटले.

लेक उठून बसली त्याच आठवड्यात सुतारीण आडवी झाली. जाताना तिने लेकीला एवढेच विचारले, "तान्हीनं दूध घेतलं का?" आमच्यात माणूस गेले की त्याला फळीवर ठेवतात आणि फळी कलती करून समुद्राच्या हवाली करतात. तिला माझ्यावर ठेवले. तिचा भार मला ओळखीचा होता. आता तो निम्माही उरला नव्हता.

उरलेल्या मूठभर माणसांनी शीड सांभाळत धाकटी गोड्या पाण्याच्या बेटापाशी आणली. पाणी भरायला आमचे राष्ट्र नेहमी तिथेच थांबे, आताही थांबले होते. ताप पुरता गेल्याची खात्री होईपर्यंत आम्ही दूर राहिलो. मग फडके उतरवले आणि लेकीने मला टाकले.

राष्ट्राचा नायक कधी कोणाकडे आधी जात नसे. तो आला. डेकवर सगळीकडे पाहून म्हणाला, "ताई?"

लेकीने नकारार्थी मान हलवली. तो माझ्यावरच बसला. मग म्हणाला, "दोर कुणी कापला ते मी कुणाला सांगितलं नाही. मीच कापला, असं समजतात सगळे. मुलं माझ्याकडे बघायचीसुद्धा थांबलीत."

"का नाही सांगितलंत, मामा? आईनं तर सांग म्हटलं होतं."

"सांगितलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. ते नको होतं मला."

लेकीने तान्हीला त्याच्या मांडीवर दिले. मग ती थोरलीवर गेली आणि सगळ्यांसमोर खरे काय ते सांगितले. त्या दिवसापासून राष्ट्राचा कायदा बदलला. आजारी जहाजाबरोबर एक निरोगी जहाज आपखुशीने मागे राहते.

मित्रांनो, आता मला मधोमध चीर गेली आहे. दोन पिंपांवर मला आडवे टाकले आहे आणि मुले माझ्यावर बसून गाठी मारायला शिकतात. कधी कोणी मला सरपणात काढायचे म्हणतो. एक दिवस तसे होईलही, लाकडाने त्याचे वाईट वाटून घेऊ नये. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे. आजारी, चुकलेल्या, नकोशा झालेल्या माणसापासून कधी लांब राहावे लागेल. खुशाल राहा. पण ते अंतर हाकेच्या पलीकडे जाऊ देऊ नका.