हिरव्या ठिगळाचा पडदा

मी एक जुना मांजरपाटाचा पडदा हाय, मित्रांनो! जुना म्हंजे म्हातारा न्हाय हं, अंगावर ठिगळं हायत, तेवढंच. त्यातलं हिरवं ठिगळ दिसतंय ना? त्याचीच गोष्ट सांगतो, ऐका!

तामलवाडीच्या शांताक्कानं मला शिवलं. श्रावस्तीताई ऊसतोड्यांच्या लेकरांना शिकवती, तिच्यासाठी. दिवस मावळला की ताई मला दोन बांबूंना ताणून बांधायची, शिनेमाचं मशीन लावायची, आन् मग माझ्या अंगावर हत्ती काय, समुद्र काय! लेकरं टाळ्या पिटायची. लई भारी वाटायचं!

यंदा आमी ढोकीजवळच्या उसाच्या फडावर गेलो. तिथं सरुबाई होती. नवरा वारलेला, पदरी लेकरं. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागती, त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणत्यात. मुकादम बजरंग म्हणाला, "सरुबाई, अर्ध्या कोयत्याला काम न्हाय. सकाळपत्तर जोडी दावा, न्हायतर गावाकडं जावा."

बानूबाई बी एकलीच होती. पण ती म्हणायची, "ही डावखुरी! हिच्या शेजारी वाकले तर माझंच मनगट तुटंल. नगं बया!"

त्याच सांजंला ताईनं जपानी शिनेमा लावला. काळा-पांढरा, लई जुना. एक गरीब बाई, पाठीला लेकरू बांधून लोकांच्या रानात भात कापती, तवा कुठं दोघांच्या पोटात घास जातो. बोली कुणाला कळंना, तरी बाया टक लावून बघत होत्या. पुढं जागा न्हवती म्हणून सरुबाई माझ्या मागं बसली. पातळ कापडातून तिकडंबी दिसतंय की!

मधीच ती वरडली, "अगं, ही तर डावरी! माझ्यावानी!"

"डोळं फुटलं का?" पुढून बानूबाई म्हणाली. "उजव्या हातानं कापती ती!"

"डाव्या!"

"उजव्या!"

दोघींचंबी खरं होतं; मागनं बघितलं की माझ्यावर उजव्याचं डावं दिसतंय! सरुबाई कोयता घेऊनच पुढं आली. "ही बघ, अशी!"

बानूबाईनंबी कोयता उचलला. "अशी न्हाय, अशी!"

भांडता भांडता दोघी माझ्यापुढं शेजारी वाकल्या. आन् काय सांगू! कोयते एकमेकींना लागंचनात! सरुबाईचा डाव्या अंगाला, बानूबाईचा उजव्या, मधी मोळीपुरती मोकळी जागा. बानूबाई बघतच राहिली. "आत्ता गं बया! तू कायम माझ्या डावीकडंच उभी राहा."

सरुबाईनं आनंदात हात उडवला, आन् कोयता बसला मला! टर्रकन फाटलो!

बजरंग हसला. "झाला की एक कोयता! पडद्याला तोडलं, आता सकाळी ऊस तोडा."

"गप बसा वो मुकादम," बानूबाई म्हणाली, "ती शिनेमातली बाई जगती का ते बघू द्या!"

ती जगली, मित्रांनो. माझ्या फाटक्या अंगावरनं लेकराला घेऊन चालत गेली.

दुसऱ्या दिवशी काम उरकून सरुबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा मला लावला. आता कुठल्याबी शिनेमातली बाई तिथनं गेली की घडीभर हिरव्या पदरात दिसती. सरुबाईचे लई उपकार हायत माझ्यावर!

तवा मित्रांनो, मला ओला गुंडाळू नका, उंदरांच्या खोलीत टाकू नका. आन् कुणी माझ्या मागं बसलं तर उठवू नका. तिकडनंबी शिनेमा दिसतो.