अर्धं बोट

“करंगळीला विचारून पट्टी ओढ गं, बाकीची बोटं आंधळी असतात,” आई म्हणायची. आई जाऊन किती वर्षं झाली, तरी चटई विणायला बसलं की तेलेसियाच्या कानात तो आवाज यायचा. आता करंगळीच बोलेनाशी झाली होती. केवड्याच्या पानांच्या पट्ट्या हातातून निसटत होत्या आणि सेइनीच्या, तिच्या लेकीच्या, लग्नाची चटई अर्धीच पडून होती.

गावात कुणाला कोडं पडलं नाही. कबरीत आईच्या हाडाला झाडाचं मूळ रुतलंय, ते तेलेसियाच्या हातात दुखतंय, सगळे म्हणाले. भाऊ लोपेतीनं शनिवारी कबर उघडून मूळ काढायचं ठरवलं, फावडी घासून ठेवली. त्याची मुलगी फुसी बंदरावरच्या दवाखान्यात डॉक्टर. तिनं बापाला जरा थांबवलं आणि आत्यापुढे, आत्याच्या आसनाहून खाली, जमिनीवर बसली.

कापसाचा बोळा ती आत्याच्या बोटांवरून फिरवू लागली.

“गुदगुल्या करायला एवढं शिकलीस?” डोळे मिटून तेलेसिया म्हणाली.

अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत सगळं कळत होतं. करंगळीला काहीच नाही. अनामिकेवर बोळा आला तशी तेलेसिया थबकली.

“अर्धं बोट माझं आहे. अर्धं नाही.”

तिनं डोळे उघडले. दोघी त्या बोटाकडे बघत राहिल्या. मधोमध, दोरी धरून कुणी हद्द आखावी तशी.

मग फुसीनं कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या खाचेवर, हलकेच टिचकी मारली. वीज सळसळत थेट करंगळीच्या टोकाला गेली. त्या मुक्या बोटात.

“आई,” तेलेसिया पुटपुटली.

“नस आहे, आत्या. या खाचेतून खाली जाते. इथे दाबली गेलीय.”

“म्हणजे मूळच की.”

“मूळच म्हण. पण तुझ्याच हातातलं.”

कोपर तासन्‌तास दुमडून, कशावर तरी टेकवून ठेवलं की असं होतं, फुसीनं समजावलं. ते थांबलं तर बोट परत येईल, अजून वेळ गेलेली नाही. पण विणताना तर कोपर असं टेकत नाही. मग कधी?

तेलेसियानं कपड्यांवरून रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई उगाच सारखी केली. झोपेत असेल, म्हणाली. आत्याचा हात फुसीनं सोडला नाही.

“बापाला सांग तुझ्या, आईला उठवू नको म्हणावं,” शेवटी तेलेसिया म्हणाली. “सेइनीचं लग्न मोडलंय. पोटुशी आहे ती. ऑकलंडहून रोज फोन लावते, बोलत काही नाही, नुसती रडते. तिचा डोळा लागेपर्यंत मी फोन कानाला धरून बसते, खिडकीत कोपर टेकून. खाली कसा ठेवू, तूच सांग.”