केसरीचं व्रत

या चातुर्मासात विजयमालाबाईंच्या पदरात पडायचं होतं ते थोडंथोडकं नव्हतं. मुनिमहाराजांचा आहार एकदा आपल्या घरी झाला की पुण्य गाठीला लागतंच; पण पुण्य काही कुणाला दिसत नाही, दिसतं ते बाकीचं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायका सरकून जागा करून देतात. पूजेच्या ताटाला हात लावायला आधी बोलावतात. आणि मुख्य म्हणजे "आमच्याकडं आहार झाला तेव्हा" अशी वाक्याची सुरुवात करायचा जन्मभराचा हक्क मिळतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, हा हक्क अकरा वर्षं वापरत होत्या. त्यांच्याकडं तीनदा आहार झाला होता. भाजी चिरतानासुद्धा त्या अशी सुरुवात करायच्या.

विजयमालाबाईंना शुक्रवार पेठेतल्या या घरात येऊन छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावावर शून्य. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. एका साली दीर वारले, सुतक लागलं. दोन सालं सासूबाई अंथरुणात होत्या. एक साल सुनेच्या, अपूर्वाच्या बाळंतपणात गेलं. यंदा सुतक नव्हतं, सुवेर नव्हतं, अंथरुणाला कुणी नव्हतं. यंदा फक्त केसरी होता.

केसरी म्हणजे चौदा वर्षांचा लॅब्रॅडोर. मुलगा चिराग कॉलेजात असताना त्यानं बुटांच्या खोक्यातून आणलेला. मैदान मारणाऱ्या पैलवानाचा किताब नाव म्हणून ठेवला खरा, पण वाढला दूध-भाकरीवर. अंडंसुद्धा कधी हुंगलं नाही, निदान घरच्यांच्या माहितीत तरी. आणला चिरागनं, रंकाळ्यावर मिरवला त्यांच्या नवऱ्यानं, तात्यासोंनी, आणि दहा वर्षं घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला "चिरागचं कुत्रं" म्हणून दाखवला गेला. मग त्याचे मागचे पाय लटपटायला लागले, बसल्या जागी लघवी व्हायला लागली, आणि कुणी काही न ठरवता केसरी विजयमालाबाईंचा झाला.

घरात त्याला लघवी म्हणत नसत. "पाणी झालंय," म्हणत. चिराग शिरोलीच्या युनिटला निघताना दारातून ओरडायचा, "आई, सोप्यात पाणी झालंय गं," आणि ते ओलांडून जायचा. तात्यासो पेपर वाचत पाय वर घ्यायचे. ते पाय वर घेतले की विजयमालाबाईंना कळायचं, फडकं घ्यायची वेळ झाली.

उपाय झाले नव्हते असं नाही. सासूबाईंच्या वेळची मोठ्या माणसांची डायपरं कपाटात उरली होती. चिरागनं एका रविवारी हौसेनं शेपटीसाठी भोक पाडून ते बांधलं, मोबाइलवर फोटो काढला, आणि त्याचा वाटा तिथं संपला. केसरीनं तासाभरात ते फाडलं. आतला कापूस फुगून दिवाणाखाली, कोपऱ्यात, चपलांत. तो विजयमालाबाईंनी वेचला. शेवटी जुनी सुती लुगडी फाडून त्यांनी चौदा घड्या केल्या. एक ओली झाली की दुसरी. पण श्रावणातल्या कोल्हापुरात घडी वाळायची कशी? गच्चीवर वाळत नाही, पंख्याखाली वास येतो. इस्त्री फिरवली की तो वास वाफेबरोबर सगळ्या घरात जायचा आणि अपूर्वा खिडकी उघडायची. काही बोलायची नाही. खिडकीच काय ते बोलायची.

"अगं विजे," आक्का दारात उभ्या राहून आत न येता म्हणाल्या, "चौका लावतीस म्हणं यंदा."

"लावायचा म्हणतोय. आठ दिवस महाराजांसाठी सोवळ्यात रांधायचं."

"लाव की बाई. पण महाराज म्हणजे काय पावणं-रावळं न्हवं. दारात उभं राहून म्हणावं लागतंय, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. म्हणशील का?" आणि त्यांनी नाकाला पदर लावला. फार नाही, बोटभर.

तो बोटभर पदर विजयमालाबाईंना लागला. त्यांनी विचार केला आणि त्यांना एक सरळ गोष्ट सुचली. बाहेर येतं ते पाणी आत जातं त्या पाण्यातून. आपल्या घरात दिवेलागणीनंतर कुणी पाण्याला तोंड लावत नाही. तात्यासो बेचाळीस वर्षं पाळतात, आपण छत्तीस. कुणी मेलं नाही. उलट पोट हलकं राहतं, झोप लागते. मग या मुक्या जीवालाही का नको? त्याला नाही तरी आता दुसरं काय व्रत होणार?

त्या दिवसापासून केसरीचं भांडं तिन्हीसांजेला पालथं पडायला लागलं. पहिल्या आठवड्यात फरशी खरोखर कोरडी राहिली. मग त्यांनी नेम थोडा कडक केला. दुपारी चारनंतर बंद. चौका जवळ आला तसं सकाळी एक भांडं, दुपारी अर्धं. केसरी पालथ्या भांड्यापाशी जाऊन बसायचा, त्याला नाकानं ढकलायचा. भांडं फरशीवर घासायचं, आणि विजयमालाबाई म्हणायच्या, "सकाळी रे. सकाळी. मी पण न्हाई प्यालो बघ."

चौक्याला चार दिवस राहिले असताना केसरीनं पाय फाकवले, दोन थेंब आले, आणि तो असा विव्हळला की तात्यासोंनी पेपर खाली ठेवला.

जोतीराम डॉक्टर मूळचे मुरगूडचे. हयात म्हशींत गेलेली, त्यामुळं कुत्र्याच्या घरी आले तरी गोठ्यात आल्यासारखं बोलायचे. त्यांनी केसरीच्या हिरड्या दाबल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू बसली.

"पाणी किती पितंय?"

"पितंय की. फक्त संध्याकाळचं बंद केलंय."

"कुणी?"

"मीच."

"का वं?"

"आम्ही न्हाई का राहत तसं? हे बेचाळीस वर्षं..."

"काकू," डॉक्टर उकिडवे बसले होते तिथूनच म्हणाले, "तुम्ही जैन हाय. कुत्रं न्हाय. त्यानं कवा नेम घेतलता व्हय? कुठल्या म्हाराजांकडनं?"

अपूर्वाला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं. विजयमालाबाईंना हसू आलं नाही.

"लघवी दाट झाली, आत जंतू झालं. आगीनं जळतंय त्याला. म्हस असती तर एव्हाना तुम्हास्नी शिंगावर घेतलं असतं. ह्यो गरीब हाय, बसून राहिलाय."

"मग आता?"

"आता पाणी. भांडं रिकामं दिसता कामा न्हाय. गोळ्या धा दिवस. मुतंल मरणाचं, मुतू द्या. मुतताना वराडंल, तवा जवळ बसा, पाठीवरनं हात फिरवा. बाकी कोण न्हाय करणार ते, तुम्हीच करा. केलंय कुणी?"

"मी म्हटलं होतं तुला," तात्यासो डॉक्टर गेल्यावर म्हणाले. त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांनी पाय वर घेतले होते.

चिरागनं वाट काढली. "आई, आठ दिवस शिरोलीला ठेवू की युनिटवर. केरबा वॉचमन हाय, बघंल तो. तुझा चौका झाला की आणू परत."

वाट सोपी होती. विजयमालाबाई तिच्यावरून मनातल्या मनात दोनदा जाऊन आल्या. फाउंड्रीचा धूर, वाळू, दिवसभर घणाघण, आणि हा तिथं एका कोपऱ्यात ओल्यात पडलेला. केरबा दोन वेळा भाकरी टाकेल, पण वराडल्यावर जवळ बसेल?

"नको," त्या म्हणाल्या. "जळतंय ते माझ्या हातानं. ते बाहेर ठेवून आत काय शुद्ध म्हणू?"

"मग चौका रद्द?"

"चौका पण हाय."

असे दोन्ही नेम त्यांनी एकाच अंगावर घेतले, आणि घरातल्या बाकीच्यांनी मोठ्या मनानं घेऊ दिले.

केसरीला मागं न्हाणीशेजारच्या पडवीत हलवलं. पहाटे उठून त्या आधी त्याचं करायच्या. ओल्या घड्या, फिनेल, गोळी गुळात. मग डोक्यावरून आंघोळ. मग सोवळ्याची साडी, विहिरीचं गाळलेलं पाणी, घरच्या जात्यावरचं पीठ. त्यानंतर पडवीकडं फिरकायचं नाही. मधे केसरी विव्हळलाच तर जायचं, हात फिरवायचा, आणि पुन्हा डोक्यावरून आंघोळ, पुन्हा दुसरी साडी. एका सकाळी त्यांच्या तीन आंघोळी झाल्या. संध्याकाळी त्या केसरीचं भांडं काठोकाठ भरायच्या, तो लपलप पीत राहायचा आणि त्या स्वतः कोरड्या ओठांनी समोर बसून बघायच्या.

पहिल्या दिवशी नारळ ठेवलेला कलश हातात धरून नवरा-बायको दारात उभे राहिले. महाराज गल्लीत आले आणि पुढं गेले. महाराज मनात काहीतरी नेम धरून निघतात, तो जिथं जुळेल तिथंच थांबतात. तो काय ते कुणाला सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढं गेले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही. केलेला स्वयंपाक घरच्यांनी खाल्ला. चिराग म्हणाला, चौका काही वाईट नाही, जेवण झकास होतंय.

सहाव्या दिवशी महाराज दारासमोर आले आणि थांबले.

विजयमालाबाईंना आपला आवाज ऐकू येईना. "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु" तात्यासोच म्हणाले असावेत. तीन प्रदक्षिणा झाल्या, महाराज आत आले, पाय धुतले, अर्घ्य झालं. आक्काही सोवळ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, शेजारचा हक्क. दारात बघणाऱ्यांची गर्दी झाली. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, सगळं विजयमालाबाईंनी म्हटलं, आणि ते खरं होतं, तीन आंघोळींचं खरं होतं. महाराजांनी उभ्यानं ओंजळ पुढं केली. तात्यासोंनी पहिलं पाणी घातलं. आता दुधाचा लोटा. तो विजयमालाबाईंच्या हातात होता.

मागून आवाज आला. बारीक, दाराच्या बिजागरीसारखा.

कुणी ऐकला नाही, त्यांनीच ऐकला. दहा दिवसांत त्यांना हे पाठ झालं होतं: पहिली हाक बारीक, दुसरी जरा लांब, आणि तिसरी अशी की गल्लीच्या तोंडाला ऐकू जावी. असा आर्त आवाज आहाराच्या वेळी कानावर पडला की अंतराय. महाराज तिथंच ओंजळ सोडणार आणि दिवसभर उपाशी राहणार.

दुसरी हाक आली. ही तात्यासोंनी ऐकली. आक्कांनी ऐकली. अपूर्वानं, चिरागनं ऐकली. घरात पाच माणसं सोवळ्यात होती, पाचांचेही पाय धड होते. पडवीत गेलेला परत आत येऊ शकणार नव्हता, हेही पाचांना माहीत होतं. बाकी चौघांनी फक्त विजयमालाबाईंकडं पाहिलं. चिरागनं डोळ्यांनी मागची दिशा दाखवली, जणू त्यांना ती माहीत नव्हती.

एक ओंजळ दूध घालायला किती वेळ लागतो? त्यांनी तो मनात मोजला. मग केसरीच्या पोटातली आग मोजली. लोटा आक्कांच्या हातात दिला.

"घाला आक्का," त्या हळूच म्हणाल्या. "कोमट हाय अजून."

पडवीत केसरी पाय फाकवून थरथरत होता. त्या तशाच, सोवळ्याच्या साडीनं खाली बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "झालं रे. झालं. होऊ दे." झालं. बरंच झालं, कोमट, साडीच्या निऱ्यांतून खाली फरशीपर्यंत. तो वराडला नाही. दाराच्या फटीतून आतली कुजबुज येत होती, आक्कांचा आवाज सगळ्यांत स्पष्ट. विजयमालाबाई भिंतीला टेकल्या आणि त्यांना झोप लागली.

आहार पूर्ण झाला, अंतराय नाही. तात्यासोंना पुण्य लागलं, आक्कांना चौथ्यांदा लागलं. दुपारपासूनच त्यांचं वाक्य सुरू झालं, "विजूकडं आहार झाला तेव्हा दूध मी घातलं". चिरागला महाराजांच्या पायाशी फोटो मिळाला, अपूर्वाला बस्तीतल्या बायकांकडून कौतुक. केसरीला कोरडी घडी आणि काठोकाठ भांडं. विजयमालाबाईंच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. चौक्याची फरशी त्यांनी पुसली, आणि ती झाल्यावर पडवीचीही.