आढळून येत नाही

मी शिक्का आहे, मित्रांनो. जुना, लाकडी मुठीचा, रबरी अक्षरांचा, कडा झिजलेला. अमडापूरच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीत टेबलावर पडलेला असतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. माझ्या अंगावर एकच वाक्य कोरलेलं आहे: 'सदर नावाची नोंद या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' अभिलेख म्हणजे कपाटातल्या जुन्या वह्या, दुसरं काही नाही. एवढं एक वाक्य बोलायला मी जन्माला आलो, आणि तेवढ्यानंच मी एका हुशार पोरीच्या मेहनतीची माती केली. तेव्हा माझं कौतुक ऐकायला आला असाल तर आल्या पावली परत जा.

माझा जन्म चिखलीचा. बसस्टँडजवळच्या एका टपरीत एका म्हाताऱ्यानं माझी अक्षरं जुळवली आणि मूठ बसवून कागदावर ठसा काढून पाहिला. मला करून घ्यायला आले होते ते आमचे तेव्हाचे ग्रामसेवक, अर्जुनराव. त्यांनी ठसा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, छान उमटतो. मला तेव्हा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

अर्जुनराव कामाला चिवट. कुणी जन्माचा दाखला मागायला आलं की आधी पोराचं नाव विचारायचे, मग आईचं, मग पोर झालं तेव्हा शेतात काय चाललं होतं ते. कपाशी वेचत होते, असं कुणी म्हटलं की महिना निघायचा. मग कपाटातली जन्माची वही काढायची आणि पान न पान पाहायचं. एक साल मागचं, एक साल पुढचं. एवढं करून नोंद मिळालीच नाही, तर ते हे लांबलचक वाक्य हातानं लिहायचे. जून महिन्यात शाळांची भरती सुरू झाली की लिहून लिहून त्यांचं मनगट धरायचं. म्हणून मी. माझ्यामुळं त्यांचा हात वाचला, पण वही मिटल्याशिवाय त्यांनी मला कधी उचललं नाही.

त्यांच्याच काळात, अकरा वर्षांपूर्वी, कलाबाई ग्रामपंचायतीत आली होती. भीमनगरातली, रोजानं शेतात जाणारी बाई. तिची लेक रेणुका बीबी गावात दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्याची गाडी पोचेपर्यंत पोरगी घरातच जन्मली. आठव्या दिवशी कलाबाई नोंद करायला हजर. अर्जुनरावांनी तारीख लिहिली, आईबापाचं नाव लिहिलं आणि अंगठ्याच्या शाईची डबी पुढं सरकवली. कलाबाईनं ती परत सरकवली आणि पेन मागितला. साक्षरतेच्या वर्गात ती नुकतीच सही शिकली होती. 'कलाबाई' एवढं लिहायला तिला चांगली दोन मिनिटं लागली, आणि 'ला'चा काना रकान्याबाहेर गेला. अर्जुनराव घड्याळाकडं न पाहता थांबले. मी टेबलावरच होतो, डोळ्यांनी पाहिलं सगळं.

बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. रकाना मोकळा ठेवतो, नाव ठरलं की येऊन सांगा, असं अर्जुनराव म्हणाले. पुढं नामकरण झालं, बुद्धवंदना झाली, पोरीचं नाव धम्मशीला ठेवलं, गोड जेवण झालं. पण ग्रामपंचायतीत येऊन सांगायचं राहून गेलं. वेचणीचे दिवस होते, रेणुका बाळ घेऊन बीबीला गेली, आणि अंगणवाडीनं न् शाळेनं कधी दाखला मागितला नाही. कलाबाईची चूक असेल तर ती एवढीच.

अर्जुनराव निवृत्त झाले आणि भालचंद्र साहेब आले. माणूस वाईट नाही हो, तेच तर दुःख आहे. वाईट असते तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. बुलडाण्याहून अपडाउन करतात, सगळ्यांना चहा पाजतात, सव्वाचारची बस चुकू देत नाहीत. त्यांच्या काळात संगणक आला. जुन्या वह्यांतल्या नोंदी त्यात उतरवल्या. वहीत जिथं नाव होतं तिथं नाव आलं, जिथं मोकळं होतं तिथं मोकळंच राहिलं. मग नाव टाकायचं, पडद्यावर आलं नाही की मला उचलायचं. वह्यांच्या कपाटापुढं निवडणुकीचे खोके रचले गेले. साहेब माझी तारीफ करायचे, लय कामाचा शिक्का आहे म्हणायचे. आधी माझ्यामुळं हात वाचला होता, आता डोळेही वाचले. मी मूर्ख, त्या तारिफेनंही फुगलो.

यंदा धम्मशीलाची पाचवी झाली. आणि पोरीनं काय केलं माहीत आहे? केंद्र सरकारच्या निवासी शाळेची परीक्षा पास केली. बीबीच्या शाळेतून ती एकटीच. बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, प्रयोगशाळा, सगळं तिथंच. रेणुकानं फोनवर सांगितलं तेव्हा कलाबाईनं अख्ख्या भीमनगरात साखर वाटली. शाळेनं कागदांची यादी दिली होती, त्यात पहिलाच कागद जन्माचा दाखला. शनिवारपर्यंत दाखला आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या लेकराला जाणार होती.

सोमवारी कलाबाई आली. साहेबांनी नाव विचारलं, संगणकात टाकलं. धम्मशीला कुठून दिसणार? ती वहीत आठ दिवसांची बिननावाची पोरगी होती. आईच्या नावानं वही उघडली असती तर सापडली असती, आणि एका अर्जावर मोकळ्या रकान्यात नाव भरता आलं असतं. पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं, मित्रांनो. सगळं मिळून एका दुपारचं काम.

"मावशी, अशी नोंद नाही इथं," साहेब म्हणाले.

"अशी कशी नाही, साहेब? म्या सही केली हाये त्या वहीत. जिंदगीतली पह्यली सही. ते इसरीन का मी?"

साहेब हसले. कुचकं नाही, नेहमीसारखंच हसले. अकरा वर्षांत बाईनं कुठं कुठं सह्या केल्या असतील, तिचा घोळ होत असेल, असं काहीतरी म्हणाले. एकदा त्यांनी कपाटाकडं पाहिलं. खोक्यांकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. मला वाटलं, आता उठतील. मी मनातल्या मनात ओरडत होतो की ती खरं सांगते आहे, मी होतो तिथं, 'ला'चा काना बाहेर गेला होता! पण मला दुसरं वाक्य येत नाही. साहेबांनी मला शाईत बुडवलं आणि कागदावर दाबलं. स्वच्छ उमटलो. एकही अक्षर पुसट नाही. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

पुढचा रस्ता साहेबांनी समजावून सांगितला: हा कागद घेऊन चिखलीला तहसीलमध्ये जा, प्रतिज्ञापत्र करा, साक्षीदार न्या, आदेश आणा. कलाबाईनं मजुरी बुडवून हेलपाटे घातले. रेणुका बीबीहून आली. दोघी मायलेकी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरल्या. शनिवार गेला. त्या शाळेनं माणुसकी दाखवली, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाली. सोमवारही गेला. मंगळवारी जागा दुसऱ्या लेकराला मिळाली.

त्यानंतर दहा दिवसांनी तहसीलचं पत्र आलं: मूळ नोंदवही तपासून कळवावे. आता तिथून हुकूम आल्यावर खोके सरकले! वही निघाली. शिपायानं आणून ठेवलेला चहा निवायच्या आत साहेबांना नोंद सापडली. रेणुकाचं नाव, तारीख, मोकळा रकाना आणि खाली वाकडीतिकडी सही. साहेब त्या पानाकडं बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी स्वतः फोन केला, रेणुकाला बोलावून अर्ज घेतला, नाव भरलं आणि दाखला तयार ठेवला. काम करायचं ठरवल्यावर किती पटकन होतं बघा.

दाखला घ्यायला कलाबाई धम्मशीलाला सोबत घेऊन आली. पोरीचं नाव तोवर बीबीतच सहावीत घातलेलं होतं. कलाबाईनं आधी वही दाखवायला सांगितली. सहीवरून बोट फिरवलं. मग पिशवीतून माझा ठसा असलेला तो कागद काढून टेबलावर ठेवला.

"याच्यावर लेहून द्या, साहेब, का चुकलं म्हनून."

साहेब म्हणाले की तसं लिहून द्यायचा नमुना नसतो. दाखला मिळाला ना, आता पुढं सगळीकडं उपयोगी पडेल. धम्मशीला तो कागद वाचत होती, एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"साहेब, आढळून येत नाही म्हंजे सापडत नाही ना?"

"हो, बेटा."

"मंग तुमी शोधलं कव्हा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात बाईंना एखादा न समजलेला शब्द विचारावा, तसं विचारलं तिनं. साहेबांनी शाईच्या डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. शिपाई दारातून बाहेर गेला. कलाबाईनं दोन्ही कागद एकात एक घडी घालून पिशवीत ठेवले, चाल माय म्हणाली, आणि दोघी निघून गेल्या. मी शिक्का नसतो तर त्यांच्या मागं धावलो असतो.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण मोठेपणी तुमच्यातलं कुणी त्या खुर्चीवर बसलं आणि समोर एखादी कलाबाई उभी राहिली, तर आधी खुर्चीवरून उठा, कपाट उघडा, वही पाहा. तिचं ऐका, तिला आठवत असतं. आणि घरात बाळ जन्मलं की नोंद करा, नाव ठेवलं की त्याच आठवड्यात जाऊन भरा, कारण सगळ्याच खुर्च्यांवर अर्जुनराव बसलेले नसतात.

आणि एवढ्यावर सगळं सुधारलं, असं समजू नका. परवा अमडापूरहून एक बाप इथं जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यासाठी आला. साहेबांनी नाव विचारलं, पडद्यावर पाहिलं, आणि त्यांचा हात माझ्याकडं आला. क्षणभर थांबला. तेवढ्यात बाहेर सव्वाचारच्या बसचा हॉर्न वाजला. मला उचललं, आणि मी उमटलो.