शिडीची चार भोकं

बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती दोन वर्षांपूर्वी वाकली. वरच्या फायबरला वीतभर चीर गेली आणि इंजिन मागे कलंडलं. तेव्हा बोट धाकट्याच्या हातात होती. मी घरातला थोरला, त्यात बोटींचा सुतार. धक्क्यावर उभ्या उभ्याच निकाल दिला, "बेफाम हाकली असणार."

"नाही दादा, हळूच होती," धाकटा म्हणाला. पण सुतारापुढे त्याचं कोण ऐकणार? बाबांनी त्याच्याकडून चावी काढून घेतली. त्यानंतर त्याने बोटीचं नाव काढलं नाही आणि बोट ताडपत्रीखाली गेली.

आता बाबांना पुन्हा पाण्यावर जायची हुक्की आली. "दुरुस्त कर. पण धाकट्याला हात लावू द्यायचा नाही," त्यांनी बजावलं.

मी आतल्या बाजूने फायबर कापून फळी उघडी केली. फायबरच्या आतला प्लाय कसला, ओला भुगा! पटाशीची गरजच नव्हती, बोटांनी निघत होता. कुजलेलं लाकूड एक बरं करतं, पाणी कुठून शिरलं ते लपवत नाही. इंजिनाच्या बोल्टांपाशी डाग पुसट होता. खाली येता येता तो काळा होत गेला आणि शिडीच्या चार स्क्रूंभोवती काळाकुट्ट झाला.

बोटीत चढायची ती शिडी मीच फळीवर बसवली होती, बाबांचे गुडघे दुखतात म्हणून. भोकांत पाणी अडवणारं सीलंट भरायचं राहिलं होतं. ट्यूब सुकली होती, म्हटलं उद्या भरू. तो उद्या सहा वर्षांत उजाडला नाही.

भुगा पोत्यात भरून नवा प्लाय चिकटवला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. तसा विचार आला, खोटं कशाला सांगू? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाराच चोर! माझी मलाच शिसारी आली. मी फोन करून धाकट्याला बोलावलं, बाबांनाही शेडमध्ये आणलं.

"ही भोकं माझी. सीलंट मी भरलं नव्हतं. फळी आधीच कुजली होती," मी सांगितलं.

 बाबांनी खिशातून चावी काढून धाकट्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. एका भोकापाशी बोट खुपसलं, ओला भुगा चिमटीत चुरला.

"म्हणजे मी खरंच हळू चालवत होतो?" त्याने विचारलं. "ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, की वेगातच असेन."